बँक कर्ज नाकारते तेव्हा : अमेरिकेतील मॅन्युफॅक्चर्ड होम विकणाऱ्यांसाठी

कारखान्यात बांधून, पोलादी चौकटीवर बसवून, ट्रकने ओढत आणून जागेवर ठेवलेल्या घराला अमेरिकेत मॅन्युफॅक्चर्ड होम म्हणतात. असे घर नवे घेताना फारसा त्रास होत नाही, कारण बहुतेक वेळा विकणारा दुकानदारच कर्जाची सोय लावून देतो. खरी अडचण येते ती पुढे, आपण ते विकायला काढतो तेव्हा. माणसे पाहायला येतात, त्यांना स्वयंपाकघर आवडते, भाव पटतो, इसाराची बोलणी होतात आणि आठ-दहा दिवसांनी फोन येतो की, बँक नाही म्हणाली. असे दोन-तीनदा झाले की मालक भाव पाडू लागतो. माझ्या मते तिथेच चुकते. पुष्कळदा बँकेने माणसाला नव्हे तर घराला नकार दिलेला असतो, आणि तसा नकार असेल तर भाव दहा हजारांनी उतरवला तरी तो नकारच राहतो.

ही अडचण किती मोठी आहे याचा अंदाज यावा म्हणून एकच आकडा सांगतो. कन्झ्युमर फायनान्शियल प्रोटेक्शन ब्युरो या सरकारी संस्थेच्या २०२१ च्या अहवालानुसार, अशा घरांसाठी आलेल्या कर्जाच्या अर्जांपैकी सुमारे २७ टक्के अर्जांचेच प्रत्यक्ष कर्जात रूपांतर झाले. जागेवर बांधलेल्या घरांच्या बाबतीत हे प्रमाण ७४ टक्के होते. म्हणून विक्रीची पाटी लावण्याआधी, बँकेचा माणूस आपल्या घराकडे ज्या नजरेने पाहील त्याच नजरेने आपण ते एकदा पाहून घ्यावे. पुढच्या पायऱ्या त्या क्रमाने लिहिल्या आहेत. कायदे राज्याराज्यांत वेगळे असल्यामुळे सह्या करण्यापूर्वी स्थानिक वकिलाला कागद दाखवावेत, हे गृहीत धरावे.

पहिली पायरी : आपण नेमके काय विकतो आहोत?

भारतातून आलेल्या माणसाला इथे एक विचित्र गोष्ट कळते. आपण ज्यात राहतो ते घर कायद्याच्या दृष्टीने घर नसून जवळपास मोटारगाडी असू शकते. कारखान्यातून निघालेल्या घराला गाडीच्या आरसी बुकासारखे टायटल असते. नॉर्थ कॅरोलायना आणि फ्लोरिडा या राज्यांत ते मोटार वाहन खात्याकडून मिळते, कॅलिफोर्नियात राज्याच्या गृहनिर्माण खात्याकडून मिळते, तर टेक्सासात टायटलच्या जागी स्टेटमेंट ऑफ ओनरशिप नावाचा कागद असतो. हा कागद जोवर जिवंत आहे तोवर घर जंगम मालमत्ता असते, मग ते तुमच्या स्वतःच्या जमिनीवर वीस वर्षे का उभे असेना.

यावरून घरांचे तीन गट पडतात. पहिल्या गटात जमीन आपली असते, घर कायमच्या पायावर असते आणि टायटल रद्द करून घर जमिनीच्या खरेदीखताला जोडलेले असते. असे घर स्थावर ठरते आणि त्यासाठी नेहमीचे गृहकर्ज, म्हणजे एफएचए या सरकारी संस्थेने विमा दिलेले, माजी सैनिकांसाठी व्हीए खात्याची हमी असलेले किंवा बँकांकडून गृहकर्जे विकत घेणाऱ्या फॅनी मे व फ्रेडी मॅक या कंपन्या घेतात ते, मिळण्याजोगे असते. दुसऱ्या गटात जमीन आपली असते, पण टायटल रद्द करायचे कोणी मनावर घेतलेले नसते. तिसऱ्या गटात घर आपले आणि जमीन पार्कच्या, म्हणजे अशा घरांच्या वसाहतीच्या, मालकाची असते. तिथे आपण दरमहा जागेचे भाडे भरतो आणि घरावर मिळते ते फक्त जंगम मालमत्तेचे कर्ज, ज्याला इथे चॅटल लोन म्हणतात. चॅटल लोनचा व्याजदर चढा असतो, मुदत कमी असते आणि ते देणाऱ्या कंपन्या मोजक्याच आहेत. यालाही अपवाद आहेत. न्यू हॅम्पशायरमध्ये भाड्याच्या जागेवरचे असे घरसुद्धा स्थावर मानले जाते.

तुमचे घर दुसऱ्या गटात असेल तर स्वतःला नशीबवान समजा, कारण थोड्या कागदपत्रांनी ते पहिल्या गटात नेता येते आणि त्यामुळे गिऱ्हाइकांची संख्या एकदम वाढते. नॉर्थ कॅरोलायनात त्यासाठी मोटार वाहन खात्याकडे प्रतिज्ञापत्र देऊन टायटल रद्द करावे लागते आणि त्याची नोंद काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, दस्त नोंदणी कार्यालयात करावी लागते. टेक्सासात राज्याच्या गृहनिर्माण खात्याकडे अर्ज करून स्थावर हा पर्याय निवडावा लागतो आणि तो कागद काउंटी क्लार्ककडे नोंदवावा लागतो. कॅलिफोर्नियात ४३३-ए नावाचा नमुना नोंदवतात. या कामाला आठवडे लागतात. खरेदीदार दारात उभा असताना ते सुरू करण्यात अर्थ नाही.

दुसरी पायरी : पत्रा, कागद आणि बोजा

या सगळ्या प्रकरणात एक तारीख पाठ करण्यासारखी आहे : १५ जून १९७६. त्या दिवसापासून केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याची, म्हणजे हडची, बांधकाम संहिता लागू झाली. त्याआधीच्या घराला मोबाइल होम म्हणतात आणि त्यावर कर्ज देणारा जवळजवळ कोणी नाही. तुमचे घर त्याआधीचे असेल तर पाया आणि कर्ज कंपन्यांच्या पायऱ्या वगळून थेट रोख गिऱ्हाइकाचा किंवा स्वतः कर्ज देण्याचा विचार करावा.

त्यानंतरच्या प्रत्येक घराच्या प्रत्येक भागावर लाल रंगाचा, सुमारे दोन इंच बाय चार इंचांचा धातूचा पत्रा ठोकलेला असतो. डबलवाइड म्हणजे दोन भागांचे घर असेल तर पत्रेही दोन असतात. ते बाहेरच्या बाजूला, घर ओढून आणताना जे टोक मागे होते त्या टोकाला, फरशीच्या पातळीपासून साधारण फूटभर वर सापडतात. त्यावर तीन इंग्रजी अक्षरे आणि त्यापुढे आकडे असतात. पत्रा दिसत नसेल तर बहुधा आधीच्या मालकाने नवे व्हायनल साइडिंग, म्हणजे बाहेरच्या भिंतींवरचे प्लास्टिकचे आवरण, बसवताना तो झाकला किंवा काढून टाकला, असे समजावे. घाबरू नये. घराच्या पोलादी चौकटीच्या अगदी पुढच्या आडव्या तुळईवर अनुक्रमांक कोरलेला असतो. तो घेऊन इन्स्टिट्यूट फॉर बिल्डिंग टेक्नॉलॉजी अँड सेफ्टी या संस्थेकडे शुल्क भरून अर्ज केला की पत्र्याच्या नोंदीचे पत्र मिळते, आणि कर्जदाता ते पत्र्याऐवजी स्वीकारतो.

दुसरा कागद घराच्या आत असतो. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराची आतली बाजू, विजेच्या पॅनेलजवळची जागा किंवा झोपण्याच्या खोलीतले कपाट या तीन ठिकाणी शोधावे. साधारण कागदाच्या आकाराचा एक तक्ता चिकटवलेला दिसेल. त्याला डेटा प्लेट म्हणतात. कारखान्याचे नाव, बांधणीची तारीख आणि घर किती वाऱ्याला व बर्फाच्या किती भाराला तोंड देऊ शकते, हे त्यात लिहिलेले असते. रंगकाम करणारे लोक यावरून बिनदिक्कत ब्रश फिरवतात. तो शाबूत असेल तर लगेच स्पष्ट फोटो काढून ठेवावा.

आता टायटल. त्यावर कोणाची नावे आहेत आणि त्या दोन नावांमध्ये ‘अँड’ आहे की ‘ऑर’, हे आधी पाहावे. ‘अँड’ असेल तर दोघांच्या सह्या लागतात. नवरा-बायकोपैकी एक जण पुण्याला परत गेला असेल तर मुखत्यारपत्र किंवा मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत नोटरी करून घेणे आले, आणि त्यासाठी वेळ घेण्यातच दिवस जातात. फ्लोरिडासारख्या राज्यात डबलवाइडच्या प्रत्येक भागाचे टायटल वेगळे असते. एक हरवले तर अर्धे घर विकता येत नाही, असा मजेशीर पेच उभा राहतो. शेवटी, सातबाऱ्यावर असतो तसा टायटलवरही बोजा असतो. आपले जुने कर्ज फिटलेले असूनही बोजा उतरवायचे राहून गेल्याची उदाहरणे फार. कर्ज देणारी कंपनी मधल्या काळात दुसऱ्या कंपनीत विलीन झाली असेल तर बोजा उतरल्याचे पत्र मिळवणे हेच महिनाभराचे काम होऊन बसते.

तिसरी पायरी : घराखाली उतरा

जमीन आपली असणाऱ्यांसाठी विक्रीचे भवितव्य बहुतेक वेळा घराखालच्या अडीच फुटांत ठरते. एफएचएचे गृहकर्ज हवे असेल तर पाया हडच्या १९९६ च्या कायमच्या पायांविषयीच्या मार्गदर्शिकेप्रमाणे आहे, असे त्या राज्यात परवाना असलेल्या इंजिनिअरचे सही-शिक्क्याचे पत्र लागते. खरेदीदाराचा कर्जदाता हे पत्र प्रक्रियेच्या मध्यावर मागतो, इंजिनिअर येतो, नाही म्हणतो आणि व्यवहार मोडतो. म्हणून ते पत्र आपणच आधी मिळवावे.

माझ्या ओळखीच्या एका मराठी कुटुंबाच्या घराखाली मी इंजिनिअरबरोबर उतरलो होतो. बाहेरून स्कर्टिंग, म्हणजे घराखालची पोकळी झाकणारे आवरण, चकचकीत होते. एक फळी सरकवून आत टॉर्च मारला तेव्हा सिमेंटचे पोकळ ठोकळे एकावर एक नुसते रचलेले दिसले. सांध्यात चुना नाही, सिमेंट नाही, वरच्या ठोकळ्यावर लाकडी पाचरी ठोकलेल्या आणि त्यांतल्या दोन पावसाच्या पाण्याने मऊ झालेल्या. घर जमिनीला आवळून ठेवणाऱ्या पोलादी पट्ट्या होत्या, पण बोटाने हलवल्या तर वीणेच्या सैल तारेसारख्या लोंबत होत्या. घराच्या पोटाखालचे काळे आवरण न्हाणीघराखाली फाटलेले, त्यातून इन्शुलेशनचा कापूस लटकत होता. इंजिनिअरने दहा मिनिटांत सांगितले की, आहे त्या स्थितीत सही करणार नाही; मात्र ठोकळ्यांखाली काँक्रीट, पट्ट्यांना नवे अँकर आणि भोवतीने पक्के स्कर्टिंग केले तर करीन. त्या कुटुंबाला दुरुस्तीला काही हजार डॉलर लागले, पण त्यानंतर आलेल्या दुसऱ्याच गिऱ्हाइकाचे कर्ज मंजूर झाले.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. घर पूर्वी एफएचए कर्जावर विकले गेले असेल तर जुन्या कागदांत इंजिनिअरचे पत्र असण्याची शक्यता आहे, आणि त्यानंतर घरात फेरफार किंवा पायाला इजा झालेली नसेल तर तेच पत्र पुन्हा चालू शकते. दुसरे म्हणजे, हौसेने घराला टेकवून बांधलेला मांडव, कारपोर्ट किंवा वाढीव खोली. मॅन्युफॅक्चर्ड घराच्या भिंती असा जादा भार घेण्यासाठी बनवलेल्या नसतात. त्यामुळे जोडकाम स्वतःच्या खांबांवर उभे नसेल तर मूल्यांकन करणारा ते नोंदवतो आणि पुन्हा इंजिनिअर मागवला जातो.

घर उचलून दुसरीकडे नेणारे गिऱ्हाईकही कधी येते. रोख पैसे देणार असेल तर हरकत नाही, परंतु ‘जागा बदला, म्हणजे कर्ज मिळेल’ असा सल्ला देऊ नये. एफएचएचे नेहमीचे गृहकर्ज आणि फॅनी मेचे कर्ज या दोन्हींना, पूर्वी दुसऱ्या ठिकाणी बसवलेले घर चालत नाही. शिवाय डेटा प्लेटवर लिहिलेल्या वाऱ्याच्या विभागापेक्षा अधिक कडक विभागात, म्हणजे उदाहरणार्थ आतल्या भागातून समुद्रकिनाऱ्याकडे, ते नेऊन बसवता येत नाही.

चौथी पायरी : पार्कच्या व्यवस्थापकाशी बोलणे

घर पार्कमध्ये असेल तर खरेदीदाराला दोन परीक्षा द्याव्या लागतात, एक कर्ज कंपनीची आणि दुसरी पार्कची. पार्क त्याचे उत्पन्न आणि पूर्वेतिहास तपासतो आणि नाही म्हणू शकतो. काही राज्यांत यालाही वेळेचे बंधन आहे. कॅलिफोर्नियात पार्कने अर्जाचे उत्तर पंधरा कामकाजाच्या दिवसांत द्यावे लागते. पंचावन्न वर्षांवरील लोकांसाठी राखीव पार्क असेल तर तरुण जोडप्यांना घर दाखवण्यात सगळ्यांचाच वेळ जातो.

पाटी लावण्याआधी व्यवस्थापकाला लेखी चार गोष्टी विचाराव्यात : नव्या रहिवाशाला जागेचे भाडे किती राहील, विक्रीच्या वेळी घरात कोणत्या सुधारणांची अट आहे, भाडेकरार किती वर्षांचा मिळेल आणि विकणाऱ्याने स्वतः कर्ज दिले तर पार्कला चालेल का. पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. तुम्ही साडेचारशे डॉलर भरत असाल आणि नव्या माणसाला साडेसहाशे पडणार असतील, तर तो दोनशेचा फरक कर्ज कंपनी त्याच्या हप्त्यातच मोजते आणि त्याला तितके कमी कर्ज देते. तिसऱ्या प्रश्नालाही कारण आहे. एफएचएच्या टायटल वन या योजनेखाली भाड्याच्या जागेवरील घरालाही कर्ज देता येते, पण त्यासाठी किमान तीन वर्षांचा भाडेकरार आणि तो संपवायचा असेल तर १८० दिवस आधी सूचना देण्याची अट लागते. महिन्या-महिन्याने चालणाऱ्या करारावर ते होत नाही. या योजनेची मर्यादा वर्षानुवर्षे ६९,६७८ डॉलर होती, ती २०२४ मध्ये वाढवली गेली. तरीही या योजनेखाली प्रत्यक्ष कर्ज देणारे विरळा आहेत, त्यामुळे तिच्या भरवशावर बसू नये.

पाचवी पायरी : कर्ज देणारे आपण शोधून ठेवा

बहुतेक खरेदीदार आपल्या नेहमीच्या मोठ्या बँकेत जातात, तिथे असे कर्जच नसते आणि ते समजतात की आपल्याला कर्ज नाकारले. ही चूक टाळणे विकणाऱ्याच्या हातात आहे. जंगम घरासाठी ट्वेंटीफर्स्ट मॉर्गेज, व्हँडरबिल्ट मॉर्गेज आणि ट्रायड फायनान्शियल सर्व्हिसेस ही या धंद्यातली ओळखीची नावे आहेत. स्थावर ठरलेल्या घरासाठी एफएचए कर्ज देणारे स्थानिक कर्जदाते पाहावेत. दोन्ही प्रकारांसाठी आपल्या भागातल्या क्रेडिट युनियनला, म्हणजे सभासदांच्या पतसंस्थेला, फोन करावा, कारण तिथे बसलेल्या माणसाला आपला पार्क डोळ्यांपुढे असतो. त्यांना घराची माहिती सांगून विचारावे : एवढ्या जुन्या घराला तुम्ही कर्ज देता का, सिंगलवाइड चालते का, किमान रक्कम किती, या पार्कमध्ये यापूर्वी कर्ज दिले आहे का? किमान रकमेचा प्रश्न अनेकांना सुचत नाही. तीस हजारांचे कर्ज करायला कंपनीला तीन लाखांच्या कर्जाइतकेच कागद करावे लागतात, त्यामुळे लहान कर्ज पुष्कळ जण घेतच नाहीत. जे दोन-तीन ठिकाणी होय म्हणतील त्यांची नावे एका कागदावर लिहून घर पाहायला येणाऱ्याच्या हातात द्यावीत.

गिऱ्हाईक आपल्याच मंडळींपैकी, एच-१बी व्हिसावरचे असेल, तर आणखी एक गोष्ट सांगून ठेवावी. २५ मे २०२५ पासून कायमचे वास्तव्य नसलेल्या परदेशी नागरिकांना एफएचएचे नवे कर्ज मिळत नाही. त्याने दुसरा मार्ग शोधावा.

भाव आणि जाहिरात यांवर फार लिहीत नाही. भावासाठी त्याच पार्कमध्ये किंवा त्याच काउंटीत गेल्या वर्षभरात विकली गेलेली मॅन्युफॅक्चर्ड घरेच पाहावीत. शेजारच्या विटांच्या घराशी तुलना करू नये, कारण मूल्यांकन करणाऱ्यालाही तुलनेसाठी याच प्रकारची घरे घ्यावी लागतात. जाहिरातीत बांधणीचे वर्ष, पत्र्याचे क्रमांक हाताशी असल्याचा उल्लेख, पायाच्या पत्राची तारीख आणि जागेचे भाडे एवढे जरूर लिहावे. ‘सुंदर, हवेशीर’ या शब्दांपेक्षा ‘इंजिनिअरचे पत्र तयार आहे’ हे वाक्य दलालांना अधिक खेचते.

सहावी पायरी : स्वतः कर्ज देणे

वरचे सगळे करूनही कर्ज मिळत नसेल, म्हणजे घर फार जुने असेल, किंमत फार लहान असेल किंवा पार्क कर्ज कंपन्यांच्या यादीत नसेल, तर उरतो तो मार्ग म्हणजे विकणाऱ्यानेच हप्त्याने पैसे घेणे. याला ओनर फायनान्सिंग म्हणतात. ते चांगले चालू शकते, पण सावकारी करणे आणि घर विकणे हे दोन वेगळे धंदे आहेत, हे ध्यानात ठेवून त्यात पडावे.

आधी हिशेब पाहू. समजा, घराची किंमत ६०,००० डॉलर ठरली, खरेदीदाराने १२,००० रोख दिले आणि उरलेले ४८,००० तो ९ टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडणार आहे. मासिक हप्ता साधारण ६०८ डॉलर होतो. पहिल्या हप्त्यातले ३६० डॉलर व्याजात जातात आणि मुद्दल फक्त २४८ डॉलरने कमी होते. तीन वर्षे एकही हप्ता न चुकवता भरल्यावरही सुमारे ३७,८०० डॉलर येणे बाकी असते. म्हणजे तिसऱ्या वर्षी तो माणूस निघून गेला आणि घराची दुर्दशा झालेली असली, तर तुमचे किती अडकते हे उघड आहे. म्हणून माझा आग्रह असा की, रोख रक्कम वीस टक्क्यांच्या खाली घेऊ नये. या उदाहरणात हप्ता ६०८ आणि जागेचे भाडे ५५० धरले तर महिन्याला ११५८ डॉलर होतात; त्यात वीज, पाणी आणि विमा मिळवून तेवढे भरण्याची त्याची ऐपत आहे की नाही, हे पगाराच्या चिठ्ठ्या आणि बँकेचे खातेउतारे पाहून ठरवावे. माणूस सज्जन दिसतो ही तपासणी नव्हे.

कायद्याच्या बाजूने, २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्यानंतर घरासाठी कर्ज देण्यावर बंधने आली आणि ती पार्कमधल्या जंगम घरालाही लागू होतात. स्वतःचे घर विकणाऱ्या व्यक्तीला रेग्युलेशन झेड या कर्जविषयक केंद्रीय नियमावलीत सवलत आहे : बारा महिन्यांत एकच मालमत्ता अशी विकली, ती आपण धंदा म्हणून बांधलेली नसली, मुद्दल वाढत जाईल अशी हप्त्यांची रचना नसली आणि व्याजदर स्थिर, किंवा किमान पाच वर्षे न बदलणारा, असला, तर कर्जवाटपाचा केंद्रीय नियम आड येत नाही. राज्यांचे परवान्याचे आणि कमाल व्याजाचे नियम मात्र वेगळे असतात, त्यामुळे कागद वकिलाकडूनच करून घ्यावेत. व्याजदर फार कमी ठेवूनही चालत नाही; आयआरएस ही केंद्रीय आयकर यंत्रणा दर महिन्याला किमान दर जाहीर करते, त्याखाली गेल्यास न मिळालेले व्याजही मिळाले असे धरून कर आकारला जाऊ शकतो.

कागद दोन लागतात. एक वचनचिठ्ठी, जिच्यात रक्कम, व्याज, हप्त्याची तारीख, उशिराचा दंड आणि थकल्यास काय होईल हे असते. आणि दुसरा तारणाचा करार. घर स्थावर असेल तर तारण म्हणून राज्याच्या पद्धतीप्रमाणे गहाणखत किंवा डीड ऑफ ट्रस्ट काउंटीत नोंदवावे. जंगम असेल तर टायटल खरेदीदाराच्या नावावर करून त्यावर आपला बोजा चढवून घ्यावा, जसा गाडीवर बँकेचा असतो. पुष्कळ लोक हप्ते फिटेपर्यंत टायटल आपल्याच नावावर ठेवून पेटीत कुलूपबंद करतात आणि आपण सुरक्षित आहोत असे समजतात. प्रत्यक्षात तोवर कर, दंड आणि अपघाताची जबाबदारी यांसाठी कागदावर मालक तुम्हीच राहता. तसेच आपले जुने कर्ज शिल्लक असताना त्या कंपनीला न कळवता असा व्यवहार करू नये. ती संपूर्ण रक्कम एकदम मागू शकते.

विम्याच्या पॉलिसीत बोजाधारक म्हणून आपले नाव घालून घ्यावे, म्हणजे विमा बंद पडला तर आपल्याला सूचना येते. पार्ककडूनही, भाडे थकले की आपल्याला कळवण्याचे लेखी घ्यावे, कारण थकलेल्या भाड्यापायी पार्कने कारवाई सुरू केली तर आपले तारणच धोक्यात येते. हप्ते गोळा करण्याचे काम शक्यतो त्रयस्थ कंपनीला द्यावे. थोड्या मासिक शुल्कात ती हिशेब ठेवते, वर्षअखेरीस व्याजाचा दाखला देते आणि उशीर झाला तर फोन तुम्हाला करावा लागत नाही. हप्ते थकले म्हणून कुलूप बदलणे किंवा वीज तोडणे असले प्रकार करू नयेत. घर परत घेण्याची रीत राज्याच्या कायद्यात ठरलेली आहे आणि ती वकिलामार्फतच पाळावी.

पाच वर्षांनी उरलेली रक्कम एकरकमी द्यावी, तोवर खरेदीदार दुसरीकडून कर्ज काढील, अशी अट अनेकदा सुचवली जाते. घर स्थावर असेल तर ती ठीक आहे. परंतु ज्या घराला आज कोणी कर्ज देत नाही, ते पाच वर्षांनी आणखी जुने झालेले असेल आणि तेव्हाही कोणी देणार नाही. तिथे ही अट म्हणजे पाच वर्षांनंतरच्या भांडणाची तारीख आजच ठरवणे होय. त्यापेक्षा मुदत लहान ठेवून मुद्दल पूर्ण फिटेल असा हप्ता बांधावा.

भारतात कायमचे परतण्याच्या बेतात असलेल्यांनी हा मार्ग शक्यतो टाळावा. नाशिकला बसून ओक्लाहोमातल्या घराचा हप्ता का आला नाही याची चौकशी करणे, दोन्ही देशांत व्याजाचा कर भरणे आणि वेळ आलीच तर तिथल्या न्यायालयात उभे राहणे, याची किंमत धरली तर आज रोखीने थोडे कमी घेणेही परवडते.

भाड्यातून मालकीचा, म्हणजे रेंट-टू-ओनचा, मार्ग सोपा दिसतो, पण बऱ्याच पार्कांत घर भाड्याने देण्यालाच बंदी असते आणि टेक्साससारख्या राज्यांत अशा करारांवर कडक बंधने आहेत. नवख्याने त्यात पडू नये.

सातवी पायरी : व्यवहार पुरा करणे

पैसे त्रयस्थाकडे, म्हणजे एस्क्रो किंवा टायटल कंपनीकडे, ठेवून व्यवहार करावा. पार्किंगमध्ये उभे राहून चेक घेऊ नये. बँकेचा चेक खोटा निघाल्याची प्रकरणे नेमकी अशाच खासगी विक्रीत होतात. मालमत्ता कराची थकबाकी आधी भरावी, कारण टेक्सास आणि कॅलिफोर्नियात कर भरल्याचे दाखवल्याशिवाय नावबदल अडतो. आयकराच्या दृष्टीने, गेल्या पाच वर्षांपैकी दोन वर्षे तुम्ही त्या घरात राहिला असाल तर नफ्यातले अडीच लाख डॉलर, आणि जोडप्याने एकत्र विवरण भरल्यास पाच लाख डॉलर, करमुक्त असतात. मॅन्युफॅक्चर्ड घरालाही ही सवलत आहे. तोटा झाला तर तो मात्र वजा मिळत नाही. हप्त्याने विकले असेल तर नफ्याची विभागणी फॉर्म ६२५२ वर दाखवतात आणि व्याज शेड्यूल बी वर येते, त्यासाठी खरेदीदाराचा सोशल सिक्युरिटी क्रमांक लागतो. तो सह्यांच्या दिवशीच घ्यावा.

सह्या झाल्या की त्याच दिवशी नावबदलाचे कागद खात्याकडे स्वतः दाखल करावेत किंवा टायटल कंपनीने केल्याची पोचपावती घ्यावी. खरेदीदार ‘मी पुढच्या आठवड्यात करतो’ म्हणाला तर ते त्याच्यावर सोडू नये. पार्कला ताबा दिल्याची तारीख लेखी कळवून आपल्या नावावरचे जागेचे भाडे त्या तारखेपासून बंद झाल्याचे उत्तर मागवावे, आणि अनामत रक्कम ठेवलेली असेल तर ती त्याच पत्रात परत मागावी.